परदेशात कामाचा हक्क: गल्फला निघालेल्यांचे, तिथे अडकलेल्यांचे आणि परत आलेल्यांचे नेहमीचे प्रश्न

खेड, म्हसळा, रत्नागिरी, मडगाव, कुवेत, दमाम, दोहा अशा ठिकाणांहून आलेल्या व्हॉट्सॲप मेसेजांतून आणि व्हॉइस नोटांतून हे प्रश्न उचललेत. भाषा थोडी साफ केली, नावं काढली. तोच प्रश्न दहा जणांनी विचारला असेल तर एकदाच घेतलाय, आणि एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे फक्त क्रमांक दिलाय. घाईत असाल तर ६ आणि १० आधी वाचा. निम्मे मेसेज त्याच दोन गोष्टींचे असतात.

१. परदेशात जाऊन काम करायचा मला हक्क आहे का? एजंट म्हणतो, संयुक्त राष्ट्रांनीच दिलाय.

एजंट अर्धं खरं बोलतोय. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम १३ सांगतं की कुणालाही कोणताही देश, अगदी स्वतःचासुद्धा, सोडता येतो आणि आपल्या देशात परत येता येतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६७ मध्ये परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यात धरला. पण घराबाहेर पडायचा हक्क असला म्हणून शेजाऱ्याचं दार उघडत नाही. कुणाला आत घ्यायचं, कुठल्या कामासाठी, किती वर्षं, हे तो देश ठरवतो. व्हिसा नाकारला म्हणजे कामाचा हक्क डावलला, असा दावा टिकत नाही.

२. मग 'कामाचा हक्क' म्हणजे नेमकं काय? नोकरी मिळायची हमी?

नाही. १९६६ चा आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा करार हा यातला मुख्य कागद. त्याचं कलम ६ म्हणतं की प्रत्येकाला स्वतः निवडलेल्या किंवा स्वीकारलेल्या कामावर पोट भरायची संधी असली पाहिजे. कलम ७ मध्ये योग्य मजुरी, सुरक्षित जागा, सुट्टी, कामाच्या तासांना मर्यादा येतात. कलम ८ मध्ये संघटना. या करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २००५ मध्ये कलम ६ चा अर्थ उलगडून सांगितला. तिच्या म्हणण्यानुसार नोकरी मिळेलच अशी बिनशर्त हमी यात नाही, पण सक्तीने काम करून घेता येणार नाही आणि हातातलं काम अन्यायाने काढून घेता येणार नाही.

'स्वतः निवडलेलं' हे दोन शब्द ध्यानात ठेवा. निवडलेलं काम सोडताही आलं पाहिजे, आणि परदेशातल्या कामगाराची गाडी नेमकी तिथेच अडते.

३. हे सगळं त्या देशाच्या नागरिकांसाठी असेल. आम्ही तर 'खारजी', म्हणजे परदेशी.

करारात शब्द 'प्रत्येक व्यक्ती' असा आहे. २००९ मध्ये समितीने आणखी स्पष्ट केलं की हे हक्क परदेशी लोकांनाही आहेत, स्थलांतरित कामगारांनाही, कागदपत्रं असोत वा नसोत.

अपवाद एक आहे. कलम २ च्या तिसऱ्या पोटकलमानुसार विकसनशील देश, मानवी हक्क आणि आपली अर्थव्यवस्था यांचा विचार करून, परदेशी लोकांना आर्थिक हक्क किती द्यायचे हे ठरवू शकतात. ज्यांच्या शहरात काचेचे मनोरे उभे आहेत त्यांनी याचा आडोसा घेणं मला तरी पटण्यासारखं वाटत नाही.

वंशभेदविरोधी करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २००४ मध्ये घेतलेली भूमिका सगळ्यात उपयोगी आहे. परमिट नसलेल्याला नोकरी नाकारायला देश मोकळा आहे. पण एकदा कामावर घेतलं, की त्या दिवसापासून काम संपेपर्यंत कामगाराचे सगळे हक्क त्याला लागू. हे वाक्य पाठ करून ठेवा, पुढे तीनदा लागेल.

४. गल्फच्या देशांनी या करारांवर सह्या तरी केल्यात का?

काहींनी. १९६६ च्या करारात कुवेत १९९६ मध्ये आलं, बहारीन २००७ मध्ये, कतार २०१८ मध्ये, ओमान २०२० मध्ये. सौदी आणि अमिरात अजून बाहेरच आहेत. जे आत आले त्यांनीही अटी घातल्यात. उदाहरणार्थ, कुवेतने सामाजिक सुरक्षेचं कलम फक्त कुवेतींपुरतं ठेवलं आणि संपाचा हक्क मानला नाही.

दोन कागदांवर मात्र सहाही देश आहेत: वंशभेदविरोधी करार आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा, म्हणजे आयएलओचा, १९३० चा सक्तीच्या मजुरीविरुद्धचा करार. सौदीतल्या माणसासाठी बोलायचं झालं तर या दोघांवरच भर द्यावा लागतो. भारत १९६६ च्या करारात १९७९ पासून आहे.

५. स्थलांतरित कामगारांसाठी खास करार आहे म्हणे. भारताने तो का मानला नाही?

आहे. १८ डिसेंबर १९९० ला संमत झाला (म्हणूनच १८ डिसेंबर हा स्थलांतरितांचा दिवस), लागू व्हायला १ जुलै २००३ उजाडला. फिलिपिन्स, श्रीलंका, बांगलादेश त्यात आहेत. भारत नाही. गल्फचा एकही देश नाही, अमेरिका नाही, पश्चिम युरोपातला एकही मोठा देश नाही. थोडक्यात, माणसं पाठवणारे आत आणि माणसं घेणारे बाहेर.

भारत का नाही? माझा अंदाज असा की आपण पाठवतो तसे घेतोही. नेपाळहून आलेला वॉचमन आपल्या प्रत्येक शहरात आहे. करार मानला तर त्याच्याही मजुरीचा हिशोब द्यावा लागेल.

बांगलादेशने सही केली म्हणून दमाममधल्या बांगलादेशी गवंड्याची स्थिती तुमच्यापेक्षा बरी झाली, असंही नाही, कारण करार सौदीला बांधत नाही. तरी पुढच्या उत्तरांत मी या कराराची कलमं सांगणार आहे. काय योग्य मानलं जातं हे इतक्या सविस्तर दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही.

६. दोन वर्षं झाली. दुसरीकडे जास्त पगार मिळतोय, पण कफील (ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो मालक) सोडत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्यात हे बसतं का?

सुरुवातीला काही काळ एका मालकाकडे बांधून ठेवणं बसतं. कायमचं बांधून ठेवणं बसत नाही. आयएलओचा १९७५ चा करार काम निवडण्याच्या स्वातंत्र्यावर जास्तीत जास्त दोन वर्षांचं बंधन चालवून घेतो. १९९० च्या स्थलांतरितांच्या कराराचं (५ पाहा) कलम ५२ ही साधारण तोच हिशोब धरतं. स्थानिकांना प्राधान्य द्यायचं असेल तर ते पाच वर्षांपर्यंत जातं. हे दोन्ही करार गल्फच्या देशांनी मानलेले नाहीत. पण मालकाने 'हो' म्हटल्याशिवाय नोकरी सोडता येत नसेल, देशाबाहेर पडता येत नसेल, तर प्रश्न सक्तीच्या मजुरीकडे सरकतो, आणि तो करार सगळ्यांनी मानलाय (४ पाहा).

इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये परदेशी कामगाराचं परमिट एकाच मालकाला जोडण्याची पद्धत रद्द केली आणि तिला आधुनिक गुलामी म्हटलं. तिथे ना कफील शब्द, ना अरबी कायदा. तेव्हा ही 'अरबांची रीत' आहे असं समजू नका. परमिट मालकाच्या खिशात दिलं की कुठेही हेच होतं.

गल्फमध्येही कागद बदललेत. बहारीनने २००९ मध्ये सुरुवात केली. कतारने सप्टेंबर २०२० मध्ये एनओसीची, म्हणजे मालकाच्या ना-हरकत पत्राची, अट काढली. आता नोटीस देऊन नोकरी बदलता येते, नोकरीला दोन वर्षं झाली नसतील तर एक महिन्याची, पुढे दोन महिन्यांची. सौदीने १४ मार्च २०२१ पासून एक वर्षानंतर मालकाच्या परवानगीशिवाय बदलायची सोय केली, पण घरकामाची बाई, हाऊस ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ आणि घराचा राखणदार यांना वगळून.

आपल्या कोकणातल्या मुलांचा घोळ इथेच होतो. मुलगा जेद्दाहला एका दुकानाची डिलिव्हरी गाडी चालवतो, दिवसाला चाळीस पार्सलं टाकतो, पण इकाम्यावर (राहण्याच्या परवान्यावर) धंदा लिहिलेला असतो 'साइक खास', म्हणजे घरचा ड्रायव्हर. कागदावर तो घरनोकर. दुकानाच्या कामगाराला असलेली सोय त्याला नाही. म्हणून व्हिसा हातात आला की पगाराचा आकडा नंतर बघा, आधी धंद्याच्या रकान्यात अरबीत काय लिहिलंय ते गावातल्या एखाद्या मौलवींकडून वाचून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

७. पासपोर्ट कंपनीकडे आहे. सगळ्यांचेच असतात म्हणे.

सगळ्यांचे असतात, तरी चूकच आहे. पासपोर्ट उघडून बघा: ही भारत सरकारची मालमत्ता असल्याचं आत छापलंय. ती कंपनीची कशी होईल? १९९० च्या कराराचं कलम २१ अधिकृत अधिकाऱ्याशिवाय कुणी ओळखपत्रं जप्त करणं बेकायदेशीर ठरवतं, आणि आयएलओच्या सक्तीच्या मजुरीच्या अकरा खुणांमध्ये कागदपत्रं ठेवून घेणं ही एक आहे. सौदी आणि अमिरातीतही मालकाने पासपोर्ट दाबून ठेवायला मनाई आहे.

कंपन्या 'मी स्वखुशीने ठेवायला दिला' अशा कागदावर सही घेतात. म्हणून कसोटी साधी ठेवा: मागितल्यावर कारण न विचारता त्याच दिवशी हातात येतो का? येत असेल तर तिजोरी, नाहीतर जप्ती.

८. एजंटने दीड लाख घेतले. हा दर बरोबर आहे का?

दर नाहीच हा. भारतात नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. बाकीचे १,१४,६०० रुपये कुठल्या पावतीत बसतात ते त्यालाच विचारा.

यातली गंमत अशी की आयएलओची २०१६ ची तत्त्वं म्हणतात, भरतीचा खर्च कामगाराकडून एक रुपयाही घेऊ नये, तो मालकाने सोसावा. म्हणजे आपला कायदा ज्याला 'मर्यादा' म्हणतो तीच या तत्त्वांच्या नजरेत चूक आहे.

आकड्यापेक्षा कर्ज जास्त घातक असतं. बायकोचे दागिने सोनाराकडे ठेवून गेलेला माणूस पहिल्या महिन्यात पगार कमी आला तरी गप्प बसतो. सहाव्या महिन्यात मारहाण झाली तरी गप्प बसतो. नोकरी बदलायचा हक्क कागदावर असला तरी परत जायला त्याच्याकडे तोंड नसतं. बोटीवर जाणाऱ्यांचा नियम वेगळा आहे, १३ पाहा.

९. इथे सही केली त्या कागदावर १,८०० रियाल. उतरल्यावर दुसरा कागद पुढे केला, १,१००. सही करू का?

इथला करार सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर चढलेला असेल तर तोच तुमचा पुरावा. ईसीआर पासपोर्टवर (कामाला जाण्याआधी सरकारची मंजुरी लागते तो) १८ देशांत कामाला जाताना ही नोंद व्हावीच लागते. व्हिजिट व्हिसावर पाठवणारा एजंट या नोंदीपासूनच पळत असतो. करार बदलणं ही फसवणूक आहे, आणि फसवणूकसुद्धा सक्तीच्या मजुरीच्या खुणांपैकी एक.

सही करावी लागलीच, कारण रात्री अकरा वाजता कॅम्पमध्ये वीस जणांच्या रांगेत उभं राहून 'नाही' म्हणणं सोपं नसतं, तर दोन्ही कागदांचा फोटो घरी पाठवा आणि तारखेसह लगेच दूतावासाला ईमेल करा. नंतर करू म्हणून सोडू नका.

आपलं सरकारही यात धुतल्या तांदळाचं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये गल्फसाठी शिफारस केलेली किमान मजुरी तीस ते पन्नास टक्क्यांनी उतरवली होती. ओरड झाली, प्रकरण न्यायालयात गेलं, तेव्हा २०२१ मध्ये तो निर्णय मागे घेतला.

१०. माझ्यावर हुरूब, म्हणजे कामावरून पळाल्याची नोंद, लावला. आता मी बेकायदेशीर. आठ महिन्यांचा पगार गेला का?

गेला नाही. राहण्याचा परवाना एक आणि केलेल्या कामाचे पैसे दुसरे. तिसऱ्या उत्तरातलं ते वाक्य इथे लागतं. १९९० च्या कराराचं कलम २५ तर म्हणतं की कामगाराचे कागद नीट नाहीत म्हणून मालक जबाबदारीतून सुटत नाही. मेक्सिकोने विचारलेल्या प्रश्नावर आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयानेही २००३ मध्ये तेच मत दिलं.

मी लोकांना ग्रीसमधलं मानोलादा सांगतो. तिथे स्ट्रॉबेरीच्या शेतांवर बांगलादेशी मजूर कामाला होते, परमिट नव्हतं. सात तासांचे २२ युरो ठरले, पुढच्या प्रत्येक तासाला ३ युरो, जेवणाचे ३ युरो कापून. राहायला पुठ्ठा, नायलॉन आणि बांबूच्या झोपड्या. संडास नाही, नळ नाही. पगार महिनोन् महिने नाही. काम सोडलंत तर कधीच मिळणार नाही, हे मालकाचं उत्तर. १७ एप्रिल २०१३ ला शंभरावर मजूर पैसे मागायला गेले तेव्हा रखवालदाराने गोळ्या झाडल्या. ३० जण गंभीर जखमी झाले.

ग्रीसच्या न्यायालयाने माणसांच्या तस्करीचा आरोप फेटाळला. बेचाळीस मजूर युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि ३० मार्च २०१७ ला जिंकले. न्यायालयाचं म्हणणं असं: माणूस स्वतःहून कामाला आला म्हणून पुढची सक्ती माफ होत नाही. एकेकाला १२,००० ते १६,००० युरो भरपाई द्यायला ग्रीसला सांगितलं. चार वर्षं लागली, हेही सांगून ठेवतो.

तुमच्यापुरतं बोलायचं तर हुरूब मालक ऑनलाइन लावतो, बहुतेकदा पगाराची तक्रार होऊ नये म्हणूनच. म्हणून तक्रार त्याच्या आधी नोंदवा. नोंदणीचा नंबर ज्याच्याकडे आधी असतो त्याची बाजू ऐकली जाते.

११. आझाद व्हिसा चांगला का?

नावात आझाद, बाकी काही नाही. कफील एक, काम भलतीकडे, आणि दर वर्षी कफीलला हप्ता. तपासणीत सापडलात तर तुम्ही त्याच्या नोंदीत 'पळालेले'. मजुरीचा हक्क तेव्हाही राहतो (१०), पण मागायचा कुणाकडे? कागदावरच्या मालकाने तुम्हाला कधी पाहिलेलं नसतं आणि खऱ्या मालकाचा कागद नसतो.

१२. आम्ही न्यू जर्सीला आहोत. नवऱ्याची एच-वन-बी (कामाच्या व्हिसावरची) नोकरी गेली. लगेच निघावं लागेल का? आणि मला काम का करता येत नाही?

लगेच नाही. अमेरिकेच्या २०१७ पासूनच्या नियमात साठ दिवसांपर्यंत मुभा आहे. हे अमेरिकेचं स्वतःचं औदार्य. आंतरराष्ट्रीय करारांतून तिला यात पकडता येत नाही, कारण १९६६ च्या करारावर तिने १९७७ मध्ये सही केली पण तो अजून मंजूर केला नाही. नोकरी गेली एवढ्यावरून माणूस बेकायदेशीर ठरू नये आणि त्याला दुसरं काम शोधायला वेळ मिळावा, हे तत्त्व आयएलओच्या १९७५ च्या करारात आणि १९९० च्या करारातही आहे.

तुमच्या कामाचं: एच-फोरवाल्यांना, म्हणजे एच-वन-बीवाल्यांच्या जोडीदारांना, २०१५ पासून परवाना मिळतो, पण नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठराविक टप्प्यापर्यंत गेलं असेल तरच. पुण्यात टीम चालवणाऱ्या बाईने एडिसनमध्ये वर्षानुवर्षं डबे भरत बसायचं, हाही कामाच्या हक्काचाच प्रश्न आहे. लोक त्याला नशीब म्हणतात, एवढंच.

१३. मी गोव्याचा, बोटीवर असतो. हे सगळं मला लागू?

१९९० चा करार खलाशांना बहुतेक बाहेर ठेवतो. पण तुमच्याकडे त्याहून चांगला कागद आहे: २००६ चा सागरी श्रम करार, भारताने २०१५ मध्ये मंजूर केलेला. त्यानुसार बोटीवर नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेताच येत नाहीत. मेडिकल, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि पासपोर्टचा खर्च तुमचा, व्हिसाचा मालकाचा. 'जॉयनिंग'साठी तीन लाख मागणारा माणूस एजंट नाही, ठग आहे.

१४. माझी बहीण २६ वर्षांची. कुवेतला घरकामाला जायचंय. सरकारच अडवतं. कामाचा हक्क मग कुठे गेला?

प्रश्न चोख आहे. ईसीआर पासपोर्ट असलेल्या तीस वर्षांखालच्या महिलेला त्या १८ देशांत कामाला जायची मंजुरी मिळत नाही. तिच्याच वयाच्या भावाला मिळते. हेतू संरक्षणाचा आहे, मान्य. पण महिलांविरुद्धच्या भेदभावाच्या करारावरची समिती २००८ मध्ये पाठवणाऱ्या देशांना सांगून बसली की असे भेदभाव करणारे निर्बंध उठवा. भारत त्या करारात १९९३ पासून आहे.

बंदीने जाणं थांबत नाही, वाट बदलते. बाई व्हिजिट व्हिसावर दुबईला उतरते आणि तिथून पुढे नेली जाते. करार नाही, नोंद नाही, विमा नाही. बहिणीला ही वाट कुणी दाखवली तर आधी मला मेसेज करा.

१५. संयुक्त राष्ट्रांत तक्रार करता येते का?

१९६६ च्या करारासाठी वैयक्तिक तक्रारीची सोय २०१३ पासून सुरू आहे, पण ती भारताने मानली नाही आणि गल्फच्या एकाही देशाने मानली नाही. तो रस्ता बंद.

चालणारे रस्ते साधे आहेत: त्या देशाचं कामगार खातं आणि न्यायालय, आपला दूतावास, परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल. तिकिटाला किंवा वकिलाला पैसे नसतील तर दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही, म्हणून नाव घेऊन मागा.

मग इतक्या करारांचा उपयोग काय? कतार बघा. २०१४ मध्ये आयएलओच्या परिषदेत कामगार प्रतिनिधींनी कतारविरुद्ध सक्तीच्या मजुरीची तक्रार केली. विश्वचषकाची तयारी चालू, जगाचे कॅमेरे तिकडे. नोव्हेंबर २०१७ मध्ये कतारने सुधारणांचा करार केला तेव्हा तक्रार बंद झाली, २०१८ मध्ये दोहात आयएलओचं ऑफिस उघडलं, आणि सहाव्या उत्तरातला एनओसीचा बदल त्यातूनच आला. एकट्या माणसाला जे दार बंद असतं ते कधीकधी संघटनेला उघडतं.

१६. आम्ही बीडहून कर्नाटकात ऊसतोडीला जातो. आम्हीही स्थलांतरितच ना?

अर्थात, पण १९९० चा करार सीमा ओलांडणाऱ्यांपुरता आहे. तुमच्याकडे राज्यघटनेचं कलम १९ आहे: देशात कुठेही जायचा, राहायचा, काम करायचा हक्क. कुणाच्या परमिटची गरज नाही. १९६६ चा करारही लागू. मुकादमाची उचल फिटेपर्यंत कारखाना सोडता येत नसेल तर कफीलबद्दल सहाव्या आणि कर्जाबद्दल आठव्या उत्तरात जे लिहिलंय ते जसंच्या तसं तुमचंही आहे.

१७. मी परत आलोय. गेल्या वर्षाचा हिशोब कंपनीने दिलाच नाही. इथून काही होईल?

होतं, पण तिथून निघण्याआधी केलं असतं तर सोपं होतं. देशाबाहेर काढलेल्या माणसालाही मजुरीचा दावा निकाली काढायची संधी मिळाली पाहिजे, जायच्या आधी किंवा नंतर, असं १९९० च्या कराराचं कलम २२ सांगतं. प्रत्यक्षात मात्र तिथल्या न्यायालयात तुमच्यातर्फे उभं राहायला कुणीतरी लागतं, आणि त्याच्याकडे तुमचं मुखत्यारपत्र लागतं.

दूतावासात ते एका फेरीत होतं. गावी येऊन करायचं तर नोटरी, मग राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, आणि बऱ्याच देशांसाठी वर त्यांच्या वकिलातीचा शिक्का. मुंबईच्या तीन-चार खेपा धरा. जे अजून तिथे आहेत आणि ज्यांचा हिशोब थकलाय, त्यांनी फायनल एक्झिटच्या (देश कायमचा सोडण्याच्या) कागदावर सही करण्याआधी हे मुखत्यारपत्र करून मित्राच्या हातात ठेवावं. आणि त्या एक्झिटच्या कागदातली 'सर्व येणे मिळाले' ही ओळ अरबीत असते, बहुतेकदा अगदी खाली, सहीच्या जागेला चिकटून.